वरच्या खोलीतला बाजार

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत अक्काताईंचं भांड्यांचं दुकान कुणीही दाखवील. दुकानाच्या पाठीला घर, घराच्या अंगानं वर जाणारा अरुंद जिना आणि जिना संपतो तिथं एक खोली. पूर्वी त्या खोलीत मोडीत आलेली पातेली, बूड गेलेल्या घागरी असला पसारा असायचा. आता तिथं एक टेबल, दोन स्क्रीन आणि पंख्याखाली एक खुर्ची आहे. सकाळी बाजार उघडायच्या जरा आधी अक्काताईंची सून विद्याश्री त्या खुर्चीत येऊन बसते. शेअर बाजारात ती स्वतःच्या पैशानं, स्वतःच्या हिमतीवर सौदे करते. तिला साहेब नाही, पगार नाही आणि गिऱ्हाईकही नाही. नफा झाला तर पाठ थोपटायला कुणी नाही, आणि तोटा झाला तर खापर फोडायलाही कुणी नाही. कितीतरी वर्षं ती हे करते आहे, आणि आपण हे काम कसं करतो याचा तिला जेवढा अभिमान आहे, तेवढा आणखी कशाचाच नाही.

विद्याश्री मूळची मुरगूडची. वडील रामलिंगअप्पा यांचं तिथं बियाणं आणि खतांचं दुकान. घर लिंगायतांचं, त्यामुळं लहानपणापासून सकाळी डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसायची सवय. अप्पा शेजारी बसायचे आणि लेकीची नजर जरा इकडंतिकडं झाली की नुसतं खाकरायचे. त्या घरात 'कायक' हा शब्द रोजच्या बोलण्यातला होता. आपल्या हातानं, खरेपणानं केलेलं काम म्हणजे कायक. पोतं उचलणारा हमाल असो की दुकानाचा मालक, ज्याचं त्याचं कायक ज्यानं त्यानं नीट करायचं. पोरगी बी. कॉम.ला कोल्हापुरात आली आणि शिक्षण संपल्यावर राजारामपुरीतल्या उदयसिंह सरांच्या ऑफिसात कामाला लागली, तेव्हाही अप्पांनी एवढंच विचारलं होतं, "कायक हाय न्हवं त्यात?"

उदयसिंह सर शेअर ब्रोकर. त्यांच्या ऑफिसात विद्याश्री डीलर होती. डीलर म्हणजे गिऱ्हाइकाचा फोन घ्यायचा, तो सांगेल ते शेअर सांगेल त्या भावाला घ्यायचे किंवा विकायचे. डॉक्टर, गुळाचे व्यापारी, शिरोलीचे फौंड्रीवाले, निवृत्त झालेले मास्तर असे सगळे तिला फोन करायचे. लग्नाआधी आणि लग्नानंतर अशी मिळून नऊ वर्षं तिनं कानाला रिसीव्हर लावून काढली, आणि बाजाराबद्दल तिला जे काही कळलं ते त्या रिसीव्हरमधून कळलं.

तिला माणसांचे आवाज ऐकू यायला लागले. भाव वर चालला की आवाज मोठा आणि जाड व्हायचा, माणूस मधेच तिच्या घरच्यांची चौकशी करायचा. भाव पडायला लागला की तोच आवाज बारीक व्हायचा. वाक्यं तुटायची. "ताई... काय करू या... जरा थांबू या का?" असं कुणी म्हणालं की विद्याश्रीला पुढचं सगळं दिसायचं. हा माणूस थांबणार, भाव अजून पडणार, मग हा पडत्या भावात आणखी घेणार, आणि शेवटी अगदी तळाला, रात्री झोप येत नाही म्हणून विकून टाकणार. फोन ठेवला की ती मनाशी म्हणायची, ह्यांचा बाजार पडला नाही, ह्यांचा आवाज पडला.

सम्राट नावाचा एक फौंड्रीवाल्याचा मुलगा होता. हुशार, गोड बोलणारा. त्यानं एका कंपनीचे शेअर घेतले आणि भाव उतरला. "स्वस्त मिळतंय, अजून घ्या," म्हणाला. अजून उतरला, अजून घेतले. विद्याश्रीनं एकदा न राहवून विचारलं, "सर, कुठवर थांबायचं ते ठरीवलंय का?" तो हसला. "ताई, मी कधी चुकत न्हाय." पुढं त्याचा आवाज इतका बारीक झाला की तिला रिसीव्हर कानाशी दाबून धरावा लागायचा. मग त्याचा फोन यायचा बंदच झाला. तो कुठं गेला, काय झालं, हे ऑफिसात कुणी बोललं नाही. पण त्या आठवड्यात विद्याश्रीनं ठरवून टाकलं की आपण कधी सौदा केला तर आधी बाहेर पडायची जागा ठरवायची आणि मग आत शिरायचं.

आणि सौदा करायचा हेही त्याच काळात ठरत गेलं. दुसऱ्याच्या सांगण्यावरून बटणं दाबून तिचे हात शिवशिवायला लागले होते. तिचं लग्न तोवर मंगळवार पेठेतल्या महांतेशशी झालं होतं. तो वारणानगरला दूध संघाच्या प्रयोगशाळेत होता, रोज मोटरसायकलवरून जाऊन-येऊन. शांत माणूस. बायकोनं नोकरी सोडून स्वतः सौदे करायचं म्हटल्यावर त्यानं बराच वेळ विचार केला.

"घराचं माझ्या पगारात भागतंय," तो म्हणाला. "तुझं साठीवलेलं तू वापर. ते संपलं तर परत नोकरी. घरातला पैसा त्यात घालायचा न्हाय. चालंल?"

"चालंल की. मीच सांगणार होतो," ती म्हणाली.

उदयसिंह सरांना सांगायला गेली तेव्हा ते खुर्चीत मागं रेलले. "ताई, फोनच्या ह्या बाजूला बसलेलं बरं असतंय. त्या बाजूला लई थंडी वाजती." मग हसून म्हणाले, "खातं मात्र आमच्याकडंच ठेवा."

खरा विरोध केला तो सासूनं. अक्काताई म्हणजे साधी असामी नव्हती. नवरा अचानक गेला तेव्हा महांतेश चार वर्षांचा. दिरांनी दुकान विकायला काढलं होतं, तर ही बाई डोक्यावर पदर घेऊन गल्ल्यावर जाऊन बसली ती बसलीच. तांब्याचा भाव हाताच्या वजनावरून सांगायची. तिला ही हवेतली खरेदी-विक्री मुळीच पटली नाही.

"माल कुठाय?" तिनं विचारलं.

"माल दिसत न्हाय आत्ती. कंपनीचा हिस्सा असतोय."

"ज्येचा वास येत न्हाय, जे वाजवून बघता येत न्हाय, ते घेतीस आणि इकतीस. ह्येला आमच्यात जुगार म्हणत्यात. लक्ष्मीपूजनाला पत्ते खेळणारी बी मी दुकानाच्या पायरीवर बसू देत न्हाय."

विद्याश्रीनं वाद घातला नाही. वरची खोली तेवढी मागितली. अक्काताईंनी तोंड फिरवून किल्ली दिली.

पहिलं वर्ष वाईट गेलं. फोनवर इतरांच्या चुका ओळखणं वेगळं आणि स्वतःच्या बोटांनी त्याच चुका करताना स्वतःला धरणं वेगळं. एका सकाळी तिचा एक सौदा तोट्यात गेला. तिनं रागानं लगेच दुसरा केला, तोही गेला, मग त्याच्या दुप्पट तिसरा. दुपारी जेवायला खाली आली तेव्हा कान तापले होते आणि रक्षिता, तिची लेक, काय विचारते आहे हेही तिला कळत नव्हतं. त्या दिवशी तिला समजलं की बाजार आपल्यावर रागावलेला नव्हता, त्याला आपण माहीतही नव्हतो. रागावलो होतो आपण, एकट्याच, बंद खोलीत.

महिनाभर तिनं एकही सौदा केला नाही. रोज वर जायची, बाजार उघडून बंद होईपर्यंत बघायची आणि खाली यायची. मग पुन्हा सुरुवात केली, पण वेगळ्या रीतीनं. आज किती मिळेल हा हिशेब तिनं सोडून दिला. आज किती गेलं तर चालेल एवढंच आधी ठरवायचं. तेवढं गेलं की लॅपटॉप मिटायचा, मग सकाळचे दहा वाजलेले असोत की दुपारचे दोन. आणि मिटल्यावर हात रिकामे ठेवायचे नाहीत. ती खाली येऊन चिंचेचा कोळ आणि राख घ्यायची आणि देवघरातली, स्वयंपाकघरातली पितळी भांडी घासायला बसायची.

अक्काताईंच्या नजरेतून हे सुटलं नाही. चारसहा महिन्यांनी एकदा शेजारणीसमोर त्या म्हणाल्या, "आमच्या घरात समई लखलखाय लागली की वळखायचं, आज सुनेला बाजारानं हाणलंय."

विद्याश्रीला हसू आलं. कारण भांडी हळूहळू कमी वेळा घासली जात होती. खोलीत बसून बसून तिला थांबायला जमायला लागलं होतं, आणि थांबणं हेच या कामातलं सगळ्यात जड ओझं असतं. बाहेरच्याला वाटतं, सौदे करणारा माणूस सतत खटाखट बटणं दाबत असेल. विद्याश्री दिवसदिवस काही करत नसे. ठरवलेला भाव यायचा नाही आणि तिचा हात माउसवरून हलायचा नाही. समोर भाव पळत असायचे, इतर लोक कमवत असतील हे दिसायचं, आणि ती पाण्याचा घोट घेऊन बसून राहायची. बाजार बंद झाला की बोलायचंही बंद. कुणाच्या बारशाला, हळदीकुंकवाला गेली तर बाजाराचा शब्द काढायची नाही. संध्याकाळी रक्षिताला घेऊन चालायला जायची, भाजी घ्यायची, लवकर झोपायची. झोप पुरी झाली नसेल तर दुसऱ्या दिवशी सौदा नाही, हा तिनंच घातलेला दंडक.

कमाई होऊ लागली ती अशी, थेंबाथेंबानं. घरखर्चाचा अर्धा वाटा तिनं उचलला. अक्काताईंना ते कळलं, पण त्यांचं मत बदललं नाही. पैसा येतो म्हणून जुगाराचं कायक होत नाही, एवढं त्यांच्या नजरेत स्पष्ट दिसायचं.

मग एकवीस सालचा पूर आला.

पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं. मंगळवार पेठेतल्या त्यांच्या गल्लीपर्यंत ते आलं नाही, पण अक्काताईंची धाकटी बहीण शुक्रवार पेठेत राहायची, तिच्या घरात कमरेएवढं झालं. ती, तिचा मुलगा रुद्रेश, त्याची बायको आणि मुलं, सगळी भिजल्या बोचक्यांसह अक्काताईंकडं आली. महांतेश वारणानगरलाच अडकला, रस्ते बंद होते. घरात चूल विझत नव्हती, कारण पाहुण्यांबरोबर शाळेत आणून ठेवलेल्या पूरग्रस्तांसाठीही भाकऱ्या जात होत्या. वीज कधी यायची, कधी जायची.

त्या सकाळी वीज होती. विद्याश्रीनं पहाटेपासून भाकऱ्या थापल्या होत्या आणि खरं तर तिनं त्या दिवशी वर जायलाच नको होतं. पण रोजच्या सवयीनं ती गेली. एका बँकेच्या शेअरचा भाव ती आठवडाभर ज्या जागेची वाट पाहत होती तिथं आला. तिनं घेतला. आता बाहेर पडायची जागा, म्हणजे स्टॉपलॉस, टाकायचा. भाव अमुक इतका खाली आला तर आपोआप विकलं जावं म्हणून आधीच लावून ठेवायची ती ऑर्डर असते. तिनं आकडा घातला, बटण दाबलं, आणि समोरची मोठी स्क्रीन काळी झाली.

वीज गेली होती. इन्व्हर्टर रात्रीच संपला होता. लॅपटॉप बॅटरीवर चालू होता, पण इंटरनेट मेलं होतं. मोबाइल घेतला तर त्यावर रेंजची एकही काडी नाही. गच्चीवर गेली, जिन्यात आली, रस्त्यावर उतरली. पावसात छत्री धरून उभे असलेले सगळेच लोक मोबाइल वर करून बघत होते.

माल घेतलेला होता आणि दाराला कडी नव्हती. भाव कुठं आहे हे तिला दिसत नव्हतं. तिचं एवढंच ठाम होतं की आपल्याला जे दिसत नाही ते आपण ठेवायचं नाही. पण ते सोडायचं कसं?

दुकानात अक्काताई गल्ल्यावर बसल्या होत्या, शेजारी रुद्रेश चहा पीत होता. भिंतीवर जुना लँडलाइन होता. अक्काताईंनी तो हट्टानं ठेवला होता. विद्याश्रीनं रिसीव्हर उचलून कानाला लावला. आत घरघर होत होती. चालू होता! उदयसिंह सरांच्या ऑफिसचा नंबर तिला शोधावा लागला नाही.

पलीकडून मनालीचा आवाज आला. मनाली म्हणजे विद्याश्रीच्या जागी लागलेली डीलर. विद्याश्रीनंच तिला काम शिकवलं होतं.

"विद्याताई? तुमच्याकडं पूर हाय न्हवं? बरी हाय ना सगळी?"

"बरी हाय. माझ्या खात्यावर बँकेचं शेअर बघ. भाव काय हाय?"

मनालीनं सांगितला. शेअर अजून खात्यातच होते. विद्याश्रीनं मनात ठरवलेली जागा केव्हाच ओलांडून तो खाली गेला होता.

"स्टॉपलॉस लागला न्हाय माझा. काढ सगळं. बाजारभावाला."

"ताई, थांबा की जरा," मनाली घाईनं म्हणाली. "आत्ता वळायलाय बघा. खालून उचलायलाय. पाच मिंटं थांबा, तोटा भरून निघंल. आता कशाला काढताय?"

गल्ल्यावरून अक्काताई बघत होत्या. रुद्रेशनं कप खाली ठेवला होता. क्षणभर विद्याश्रीच्या मनात आलं, खरंच, पाच मिनिटं. मनाली खोटं कशाला सांगेल? तिला समोर दिसतं आहे. आणि पूर आहे, वीज नाही, हा काही आपला दोष नाही. आजच्या दिवशी नियम जरा बाजूला ठेवला तर कोण विचारणार आहे?

"मनाली," ती म्हणाली, "मी सांगतोय ते कर. सगळं काढ. बाजारभावाला. ऑर्डर परत वाचून दाखव."

मनालीनं वाचून दाखवली. मग बटणांचा आवाज. "झालं ताई. निघालं."

"बरं. जेवलीस का?"

"न्हाय अजून."

"जेव." आणि तिनं फोन ठेवला.

ठेवल्यावर तिचा हात तसाच रिसीव्हरवर राहिला. नऊ वर्षं तिनं लोकांचे आवाज ऐकले होते, आणि आत्ता पहिल्यांदा तिनं स्वतःचा ऐकला होता. तो बारीक झाला नव्हता. कुठं तुटला नव्हता. भाजीवाल्याकडं कोथिंबिरीची पेंडी मागावी तसा सरळ आवाज. तोटा खाऊन उभी असलेली ती बाई हसली.

दुपारी पुन्हा लँडलाइन वाजला. मनाली होती. बाजार बंद झाला होता. "ताई, सांगू का नको... तुम्ही काढल्यावर ते सुटलं. जोरात वर गेलं. थांबला असता न्हवं, तोटा तर गेलाच असता, वर चांगला नफा झाला असता." तिचाच आवाज रडवेला झाला होता.

"असू दे की," विद्याश्री म्हणाली. "तुझं बरोबर होतं. माझंबी बरोबर होतं."

रिसीव्हरमधला आवाज रुद्रेशलाही ऐकू गेला होता. तो चुकचुकला. "वैनी, काय हे! जरा थांबला असता तर? मावशे, बघ की, हातातलं गेलं."

अक्काताईंनी त्याला भाकऱ्यांच्या टोपलीकडं बोट दाखवलं. त्या सुनेकडं बघत होत्या. रुद्रेश भाकऱ्यांची टोपली घेऊन शाळेकडं गेल्यावर त्यांनी विद्याश्रीला समोर बसायला सांगितलं.

"गेलं न्हवं तुझं आज?"

"गेलं आत्ती."

"मग सकाळी हसत का होतीस? मी बघितलो."

विद्याश्रीनं जे होतं ते सांगितलं. "आत्ती, भाव वर जाणार का खाली, हे माझ्या हातात न्हाय. कुणाच्याच न्हाय. दिसत नसलं तर काढायचं, एवढंच माझ्या हातात हाय. ते आज मी केलो. वीज न्हाय, घरात एवढी माणसं, मनाली थांब म्हणतीया, तरी केलो. उद्या ह्यापेक्षा मोठं काय आलं तरी करीन, ह्ये मला आज कळलं. त्येचं हसू आलं."

बाहेर पाऊस पत्र्यावर वाजत होता. अक्काताईंनी मान वर करून जिन्याकडं बघितलं.

"तुझं टेबल हाय न्हवं वर, तिथं जर्मनची, अल्युमिनची पातेली होती," त्या म्हणाल्या. "तुझं लगीन व्हायच्या कितीतरी आधी. स्टीलचं नवं पेव फुटलंतं, जर्मन कोण घेईना. सगळे म्हणत होते, अक्काताई, काढून टाक पडत्या भावात. मी म्हटलो, एवढं पैसं घातलोय, तोट्यात कशी देऊ? परत मागणी येईल. धा वर्षं पडून होती. काळी पडली. शेवटी भंगारवाल्याला किलोवर घातलो." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "पैसं गेलं त्येचं मला काय वाटलं न्हाय. पर रोज वर गेलं की ती पातेली दिसायची आणि मी आंधळ्यावाणी भाईर यायचो. तू आज ते केलास, जे मला धा वर्षं जमलं न्हाय."

सासूच्या तोंडून आपल्याबद्दल असं काही ऐकायची विद्याश्रीला सवय नव्हती.

"जुगारी माणूस अर्ध्यात उठत न्हाय," अक्काताई म्हणाल्या. "मी लई बघितल्यात. तू उठलीस. ह्यो जुगार न्हाय. ह्यात कायक हाय." आणि लगेच पूर्वीच्या आवाजात, "जा, पीठ मळ. शाळेत अजून पन्नास माणसं वाढल्यात म्हणं."

पाणी ओसरलं, महांतेश घरी आला, बहीण तिच्या घरी गेली. पण रुद्रेशच्या मनात काही वेगळंच शिजत होतं. वर्षभरानं त्यानं प्रस्ताव आणला. हायवेच्या बाजूच्या एका हॉटेलातला हॉल घ्यायचा, 'घरबसल्या कमवा' असा फ्लेक्स लावायचा, वहिनींनी स्टेजवर स्वतःचे नफ्याचे फोटो दाखवायचे आणि लोकांना शिकवायचं. शिवाय चार ओळखीच्यांचा पैसा वहिनींनीच बाजारात फिरवायचा.

"नफ्याचे फोटो दाखवीन," विद्याश्री म्हणाली, "पण मग तोट्याचेबी दाखवणार. आधी तोट्याचेच."

"वैनी, मग कोण येईल शिकायला?"

"तेच म्हणतोय मी. आणि दुसऱ्याचा पैसा मी घेणार न्हाय. माझा तोटा मला सोसतोय. तुझ्या दोस्ताच्या लेकीच्या लग्नाचा पैसा घेतला, तर बटण दाबताना मला ती पोरगी दिसणार. मग मला काढायला जमणार न्हाय."

रुद्रेश चार महिने बोलला नाही. पेठेत कुणी म्हणालं, बाईला चढलीय. विद्याश्रीच्या कानावर आलं, तेव्हा ती रक्षिताचं दप्तर शिवत होती. दोरा तोडून तिनं सुई परत डबीत ठेवली. चढली असेल तर असेल. तिला स्वतःचा अभिमान होता आणि तो लपवायची तिला गरज वाटली नाही.

दोनेक वर्षांनी महांतेशला दुधाच्या तपासणीवर पुढचं शिक्षण घ्यायचं होतं. बिनपगारी रजा काढावी लागणार होती. त्यानं ते चाचरत सांगितलं. विद्याश्रीनं ताट वाढता वाढता म्हटलं, "घ्या की. घराचं माझ्यात भागतंय." आणि त्यानंतर घर तिच्या कमाईवर चाललं, कुणाला हात न पसरता. त्या काळात तिनं नेहमीपेक्षा एक सौदाही जास्त केला नाही. घराला पैसा लागतो हे बाजाराला सांगून काही उपयोग नसतो, हे ती पक्कं जाणून होती. उलट तिनं हात आणखी आखडता घेतला, साड्या घेतल्या नाहीत, आणि महांतेश शिकून परत कामावर रुजू झाला तेव्हा मुरगूडहून अप्पांना बोलावून सगळ्यांना पुरणपोळीचं जेवण घातलं. अप्पा आता थकले होते. जेवून झाल्यावर जिना चढून वर गेले, खुर्चीत बसले, अंधाऱ्या स्क्रीनकडं बघत राहिले. "भिंतीवर काय लावलं न्हाईस ते बरं केलंस," म्हणाले. "नजर हलत न्हाय."

यंदाच्या मार्गशीर्षातली गोष्ट. संकेश्वरहून लांबच्या नात्यातले एक गृहस्थ लग्नाची पत्रिका घेऊन आले. सकाळची वेळ, बाजार चालू. विद्याश्री वर होती. पाण्याची बाटली भरायला ती जिन्यात आली आणि खालचं बोलणं ऐकून तिथंच थांबली.

"बसा पावणं," अक्काताई म्हणत होत्या. त्या आता ऐंशीच्या घरात होत्या, पण आवाज तोच, दोन गल्ल्यांना ऐकू जाणारा. "च्या मी करतो."

"अहो तुम्ही कशाला, सूनबाई करतील की. कुठं हायत त्या?"

"सून कामावर हाय."

"व्हय का? कुठं असत्यात कामाला?"

"वर."

पाहुण्यांनी बहुधा छताकडं बघितलं असावं. "म्हंजे घरातच की मग. हाक मारू का?"

"घरात न्हवं," अक्काताई ठासून म्हणाल्या. "वर. बाजार सुटल्याबिगर हाक मारायची न्हाय. आमच्यात तशी रीत हाय."

जिन्यात उभ्या असलेल्या विद्याश्रीनं बाटली पोटाशी धरली. भांड्यांचा आवाज आला, स्टोव्ह पेटला. ती पाणी न भरताच परत वर गेली.

बाजार बंद झाल्यावर ती खाली उतरली तेव्हा पाहुणे जेवून निवांत बसले होते. तिनं नमस्कार केला. पाहुण्यांनी तिला नीट न्याहाळलं आणि मग सगळे विचारतात तेच विचारलं, "मग, आज काय कमीवलासा?"

"आज काय न्हाय," विद्याश्री म्हणाली. "घेतलं न्हाय, इकलं न्हाय. पाहिजे तो भाव आला न्हाय."

"म्हंजे सकाळपास्नं नुसत्याच बसून होता?" पाहुण्यांना खरंच नवल वाटलं. "एवढ्या वेळात काहीच केला न्हाईसा?"

विद्याश्रीनं तोंड उघडायच्या आत अक्काताई पुढं सरकल्या. सुपारी कातरायचा अडकित्ता त्यांच्या हातातच होता.

"सकाळपास्नं बसून काय बी केलं न्हाय तिनं!" त्या म्हणाल्या, आणि असं म्हणताना त्यांचा चेहरा असा फुलला होता, की जणू सुनेनं राज्यात पहिला नंबर काढला होता. "पावणं, तुम्ही बसून दाखवा एक दिवस. जमंल?"

पाहुणे गडबडले, हसले आणि पत्रिकेवरचं हळदीकुंकू सारखं करत म्हणाले, "न्हाय बाई, आपल्याला न्हाय जमायचं."

"मग?" म्हणत अक्काताईंनी त्यांच्या हातावर सुपारी ठेवली, आणि सुनेला म्हणाल्या, "जेव जा तू. भाजी गरम केलीय मी आत्ताच."